भिक्षा, मजुरी आणि बिदागी

न बोलावतां जाऊन आपली कला लोकांपुढें मांडणें कलावंतास शोभतें काय, हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो. परंतु त्याच्या पोटांत बराच नीतिविचार दडलेला आहे.

अशी कल्पना करूं कीं, स्कॉटलंडमधील एका लहान गांवचा फिडलवादक तेथल्या भोजनगृहाच्या मालकाकडे जातो आणि म्हणतो, "शनिवारीं संध्याकाळीं आपल्या गिऱ्हाइकांचें मी मनोरंजन करीन." त्या देशांत ही गोष्ट नवलाची नाहीं. एडिंबरोच्या फॉरेस्ट रोडवरील सँडी बेल्स या पानगृहांत लोकसंगीताच्या बैठकी जमण्याची चाल कित्येक वर्षांची आहे. पण मालकानें या मनुष्यास काय समजावें? याचक, चाकर, कीं पाहुणा?

जुन्या स्कॉटलंडचें उत्तर कठोर होतें. ज्या गायकवादकांस कोणा सरदाराचा किंवा मोठ्या नगराचा आश्रय नसे, त्यांस १५७९ च्या कायद्यानें उनाड भटक्यांत गणलें आणि अशांस फटक्यांची शिक्षा सांगितली. पुढें अठराव्या शतकांत, पर्थशरमधील इन्व्हर येथें राहणारा नील गो (१७२७–१८०७) हा विणकराचा मुलगा फिडलवादनानें गाजला. अथोलच्या ड्यूकचा त्यास आश्रय होता; १७८७ सालीं कवि रॉबर्ट बर्न्स त्यास भेटला; रेबर्न या चित्रकारानें त्याचें चित्र रंगविलें. काळ बदलला होता हें खरें. तरीहि आम्हांस असें वाटतें कीं, वादकाचा मान पुष्कळदां त्याच्या हातावरून ठरत नसून त्याच्या पाठीशीं कोण उभा आहे यावरून ठरत आला आहे.

आपल्या भाषेंत यासंबंधीं तीन शब्द आहेत. भिक्षा दयेनें घातली जाते, मजुरी कराराप्रमाणें मिळते आणि बिदागी गुणाचा आदर म्हणून दिली जाते. आमचा फिडलवादक भिक्षा मागत नाहीं. कांहीं तरी देऊं करतो. यावर कोणी म्हणेल, "न मागतां वाजविलें, त्याचे पैसे कशाचे?" गिऱ्हाइकापुरता हा आक्षेप आम्हांस मान्य आहे. जो गरम सूप पिण्यास आणि पत्नीशीं दोन शब्द बोलण्यास आला, तो वादकाचें कांहींच लागत नाहीं. त्याच्या संभाषणाचा मान राखून वादकानेंच गज हळू चालवावा.

मालकाची गोष्ट निराळी. त्याला वादन नको असेल तर त्यानें स्पष्ट नकार द्यावा. त्यांत अपमान नाहीं. पण फिडलच्या ओढीनें खुर्च्या भरूं लागल्या आणि गल्ला वाढला, तर 'तुमचें नांव होईल' एवढ्यावर वादकाची बोळवण करणें म्हणजे मजुरीस देणगीचें नांव देऊन ती बुडविणें होय. वादकानेंहि एक विचार करावा. घरचें बरें असून तो हौसेखातर फुकट वाजवूं लागला, तर त्याच फिडलवर पोट भरणाऱ्या दुसऱ्याच्या तोंडचा घास जातो.

हें सारें परक्यांविषयीं लिहिणें सोपें आहे. आम्हांस मात्र आमच्या कन्येचा विवाह आठवतो. मांडववाल्याची रक्कम आम्ही निमूटपणें मोजली आणि सनईवाल्याशीं थोड्या रुपयांकरितां घासाघीस केली. तो कांहीं बोलला नाहीं. पहांटे वेळेवर येऊन त्यानें सूर लावला. त्या दिवशीं आम्ही त्याला दिलें त्यास बिदागी म्हणण्याचें धैर्य आम्हांस अजून होत नाहीं.