क्राकाउअर यांचा निवाडा आणि ‘एम’मधील आरोपी

कलाकृतीनंतर जो इतिहास घडला, त्याचा जाब त्या कलाकृतीला विचारता येतो काय? जर्मन चित्रपटाच्या संदर्भात हा प्रश्न १९४७ पासून टळलेला नाही. त्या वर्षी झीगफ्रीड क्राकाउअर यांचे ‘फ्रॉम कालिगारी टु हिटलर’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले आणि वायमार प्रजासत्ताकाच्या काळातील चित्रपटांकडे पाहण्याची एक दृष्टी रूढ झाली. चित्रपट ही सामूहिक निर्मिती असते आणि ती असंख्य अनामिक प्रेक्षकांच्या सुप्त इच्छांना आवाहन करते. म्हणून समाजमनाचे तळचे थर इतर माध्यमांपेक्षा चित्रपटात अधिक थेटपणे उमटतात, हे त्यांचे गृहीतक. त्याच्या आधारे ते १९२० मधील ‘द कॅबिनेट ऑफ डॉ. कालिगारी’च्या संमोहनकारापासून १९३३ च्या सत्तांतरापर्यंत एक रेषा काढतात. जुलमी सत्ता किंवा अराजक, यांखेरीज तिसरा मार्ग त्या मनाला दिसतच नव्हता, असा त्यांचा निष्कर्ष आहे.

या निष्कर्षावर पुराव्याच्या अंगाने आक्षेप घेता येतात. कालिगारीची मूळ संहिता सत्ताविरोधी होती आणि तिला वेड्यांच्या इस्पितळाची चौकट जोडून तिच्यातील विद्रोह बोथट करण्यात आला, हे क्राकाउअर यांचे प्रतिपादन सहलेखक हान्स यानोवित्स यांच्या कथनावर विसंबलेले होते. पुढे नट वेर्नर क्राउस यांच्याकडील संहितेची प्रत अभ्यासकांना उपलब्ध झाली, तेव्हा वेगळ्या प्रकारची का होईना, पण चौकट तीतही असल्याचे दिसून आले. परंतु हा दोष त्या मानाने किरकोळ म्हणावा लागेल. गंभीर अडचण नैतिक स्वरूपाची आहे आणि ती समजून घेण्यासाठी क्राकाउअर यांनी आपल्या रेषेवर बसवलेल्या चित्रपटांपैकीच एकाकडे, फ्रिट्झ लांग यांच्या ‘एम’कडे, वळणे इष्ट ठरते.

लांग यांचा हा पहिला बोलपट ११ मे १९३१ रोजी बर्लिनमध्ये प्रदर्शित झाला. ड्युसेलडॉर्फच्या पेटर क्युर्टेन या खुन्याला त्याआधी काही आठवड्यांपूर्वीच मृत्युदंड फर्मावण्यात आला होता आणि त्याचा शिरच्छेद व्हायचा होता. तो २ जुलैला झाला. देहदंड असावा की नसावा, हा वाद जर्मनीत तेव्हा पेटलेला होता. अशा वातावरणात लांग यांनी बालकांचा खून करणारा हान्स बेकर्ट पडद्यावर आणला. एल्सी या मुलीचा खून चित्रपटात दिसत नाही. दिसते ते जेवणाच्या टेबलावरील रिकामे ताट, आईची हाक विरून जाते तो ओसाड जिना, घरंगळत येणारा चेंडू आणि तारांत अडकलेला फुगा. जे दाखवलेले नाही ते प्रेक्षक स्वतःच्या मनात घडवतो, आणि म्हणूनच पुढे खटला उभा राहतो तेव्हा तो आधीच संतापलेला असतो. त्या संतापाचे काय करायचे, हा चित्रपटाचा खरा विषय आहे.

खुन्याच्या शोधासाठी पोलिसांची एक बैठक भरते आणि त्याच वेळी गुन्हेगारांच्या म्होरक्यांचीही. एका खोलीत सुरू झालेला हातवारा दुसऱ्या खोलीत पूर्ण होतो. या संकलनाला केवळ तांत्रिक चातुर्य समजणे चूक होईल. कायदा आणि गुन्हा यांची भाषा इथे एक होते. अखेर बेकर्टला पकडतात ते गुन्हेगार. एका बंद पडलेल्या मद्यनिर्मितीच्या कारखान्यात ते न्यायालय भरवतात. अध्यक्षस्थानी असलेला श्रेंकर स्वतः तीन खुनांसाठी पोलिसांना हवा आहे. बेकर्टचा बचाव एवढाच, की आपल्या आत कोणीतरी आहे, ते आपल्याला हाकत नेते, आपल्याला दुसरे काही करताच येत नाही. श्रेंकर हे विधान नाकारत नाही. तो ते स्वीकारतो आणि त्याचाच आधार घेऊन उलट मागणी करतो: ज्याला खून टाळता येत नाही, त्याला नाहीसे केलेच पाहिजे. दंडसंहितेच्या कलम ५१ चा आश्रय घेऊन हा माणूस सुटेल, याची त्या जमावाला धास्ती आहे.

येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की आरोपी आणि अभियोक्ता यांचे मूळ विधान एकच आहे. अनिवार्यता मान्य केली की ती क्षमेकडेही नेते आणि समूळ उच्चाटनाकडेही. दोन्हीकडे जबाबदार माणूस मात्र लोप पावतो.

चित्रपटाला हे प्रत्यक्ष इतिहासातही भोगावे लागले. मे १९३१ मध्येच गोबेल्स यांनी आपल्या रोजनिशीत ‘एम’ची स्तुती केली, मानवतावादी हळवेपणाला विरोध करणारा आणि देहदंडाच्या बाजूचा चित्रपट, असा त्यांनी त्याचा अर्थ लावला. पुढे १९४० मध्ये ‘डेर एविगे यूडे’ या ज्यूद्वेष्ट्या प्रचारपटात पीटर लोरे यांच्या त्याच कबुलीजबाबाचा तुकडा वापरण्यात आला, तो ज्यू कलावंत गुन्हेगाराविषयी सहानुभूती कशी पसरवतात याचा ‘पुरावा’ म्हणून. एकाच राजवटीच्या प्रचारयंत्रणेला एकाच चित्रपटात दोन परस्परविरुद्ध गोष्टी सापडाव्यात, ही बाब कलाकृतीवरून समाजमनाचे निदान करणाऱ्याने दुर्लक्षू नये. ‘एम’ आपला निवाडा ऐकू येऊ देत नाही. खरे न्यायाधीश आसनावर बसतात आणि कॅमेरा शोकाकुल मातांकडे वळतो. या मौनाला क्राकाउअर दोलायमानता समजतात. पण श्रेंकरचा निवाडा सर्वांत निःसंदिग्ध होता, हेही ध्यानात घेतले पाहिजे.

क्राकाउअर यांचा प्रश्न विचारण्याचा अधिकार वादातीत आहे. त्यांना १९३३ मध्ये देश सोडावा लागला. १९४२ मध्ये त्यांच्या आईला व मावशीला हद्दपार करण्यात आले आणि त्या परतल्या नाहीत. जर्मनांचा काही कायमचा राष्ट्रीय स्वभाव असतो, असेही ते म्हणत नाहीत. विशिष्ट काळातील मनोघडणीपुरतेच ते बोलतात. तरीही त्या मनोघडणीने १९३३ अटळ केले असेल, तर अपराध्यांना बेकर्टचाच बचाव उपलब्ध होतो. आरोपपत्र म्हणून लिहिलेला ग्रंथ अशा प्रकारे आरोपीच्या वकिलाच्या हाती जातो.

‘एम’शी संबंधित माणसांचे पुढचे आयुष्य या अटळतेला साक्ष देत नाही. लांग यांच्या ‘डॉ. माबुझे’वरील पुढच्या बोलपटावर मार्च १९३३ मध्ये बंदी आली आणि त्याच वर्षी ते जर्मनीतून बाहेर पडले. लोरेही गेले. श्रेंकरची भूमिका करणारे गुस्ताफ ग्र्युंडगेन्स ग्योरिंग यांच्या आश्रयाने बर्लिनच्या शासकीय नाट्यगृहाचे प्रमुख झाले. लांग यांच्यासह पटकथा लिहिणाऱ्या, तेव्हाच्या त्यांच्या पत्नी थिआ फॉन हार्बू मागेच राहिल्या, नाझी पक्षाच्या सदस्य झाल्या आणि नव्या राजवटीत चित्रपट लिहीत राहिल्या. याच हार्बूंनी आयी गणपत तेंडुलकर या मराठी पत्रकाराशी सहजीवन मांडले होते, हा तपशील त्या राजवटीच्या वंशविचारात कोठेच बसत नाही. एकाच पटकथेवर नावे असलेले हे दोघे १९३३ मध्ये एकाच शहरात होते, आणि त्यांतला एक निघून गेला.