किमान देय रक्कम आणि धर्म्य व्याज

बिल भरायला बँकेचं ॲप उघडलं की दोन आकडे शेजारी शेजारी दिसतात: एकूण देय रक्कम आणि किमान देय रक्कम. एकावर बोट ठेवायचं, ओटीपी टाकायचा, संपलं. समोर सावकार बसलेला नाही, तारीख वाढवून मागताना मान खाली घालावी लागत नाही. मग अशा कर्जात धर्माचा काही प्रश्न उरतो का?

उरतो, आणि तो कर्ज घेणाऱ्यापुरताच नाही.

शतपथ ब्राह्मणानुसार माणूस जन्मतःच ऋणी असतो: देवांचा, ऋषींचा, पितरांचा आणि माणसांचा. माणसांचं ऋण आतिथ्याने फिटतं. पैशाच्या कर्जालाही ही धार्मिक धार आली. बापाचं कर्ज मुलाने फेडणं हे पुण्यकर्तव्य ठरलं. मात्र जुगाराचं आणि दारूचं कर्ज मनूने त्यातून वगळलं. इंग्रजी अमलातल्या न्यायालयांनीही हे कर्तव्य मानलं. नव्या कर्जांपुरतं ते कायद्यातून गेलं, ते २००५ च्या हिंदू वारसा दुरुस्तीने.

ऋणकोचं हे कर्तव्य लोकांच्या मनात पक्कं बसलं. धनकोवरची बंधनं मात्र विस्मरणात गेली. कौटिल्याने शंभर पणांवर महिना सव्वा पण, म्हणजे वर्षाला १५ टक्के, एवढंच व्याज धर्म्य मानलं. व्यापाराला, जंगलातून माल नेणाऱ्याला, समुद्रावर जाणाऱ्याला जोखमीप्रमाणे चढे दर होते. मनूनेही सव्वा टक्का सांगितला. पण त्याच अध्यायात खालच्या वर्णाला जास्त व्याज लावण्याची मुभाही दिली. तो अन्यायच होता, आणि परंपरेचा हवाला देताना तो लपवू नये. एक तत्त्व मात्र टिकण्याजोगं होतं: दामदुपट. एका वेळी मुद्दलाइतक्याच व्याजाची वसुली, त्याहून अधिक नाही. मुंबई इलाख्यातल्या न्यायालयांनी हा नियम हिंदू ऋणकोंसाठी लागू केला. तरीही १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला कुणब्यांनी सावकारांची खतं आणि चोपड्या जाळल्या. नियम असला तरी तो कोर्टात मांडण्याची ऐपत किती जणांकडे होती?

तुकोबांबद्दलची देहूची परंपरा इथे आठवावी. घरात महाजनकी होती, लोकांकडून येणं होतं. धाकट्या भावाच्या, कान्होबाच्या, वाट्याची खतं त्यांनी त्याला दिली आणि स्वतःच्या वाट्याची इंद्रायणीत सोडली. दुसऱ्याचं देणं त्यांनी बुडवलं नाही. त्यांनी स्वतःचं येणं सोडलं. वैराग्याची गोष्ट म्हणून ही कथा सांगितली जाते, पण ती धनकोच्या धर्माचीही कथा आहे.

आता त्या दुसऱ्या आकड्याकडे वळू. समजा, ४०,००० रुपये थकले आहेत आणि किमान रक्कम पाच टक्के, म्हणजे २,००० आहे. अनेक कार्डांवर महिना साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागतं. त्या दराने १,४०० रुपये व्याज, त्यावर १८ टक्के जीएसटी, २५२ रुपये. दोन हजार भरूनही कर्ज घटलं ३४८ रुपयांनी. शिवाय पूर्ण बिल न भरल्याने नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते. औषधासाठी कार्ड वापरलं की बुटांसाठी, दर तोच.

राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये कार्डावरच्या अशा व्याजाला वार्षिक ३० टक्क्यांची मर्यादा घातली होती. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. दर ठरवणं हा रिझर्व्ह बँकेच्या अखत्यारीतला विषय आहे, हे न्यायालयाचं म्हणणं. कायदेशीर प्रश्न तिथे सुटला. नैतिक प्रश्न सुटलेला नाही, कारण कौटिल्याच्या मोजमापाने महिना साडेतीन टक्के हा दर धर्म्य दराच्या जवळपास तिप्पट भरतो.

किमान रकमेवरच थांबलं तर फेड महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षं लांबेल, असा इशारा बिलात द्यायला रिझर्व्ह बँकेने कार्ड कंपन्यांना बांधून घातलं आहे. तो इशारा बिलाच्या मजकुरात न राहता पैसे भरण्याच्या बटणाशेजारी, तेवढ्याच मोठ्या अक्षरात यायला हवा. घेतलेलं फेडणं हे ऋणकोचं कर्तव्य आहेच, चेहरा दिसो वा न दिसो. पण तो बोट ठेवतो त्या क्षणी ३४८ हा आकडा त्याला दिसला पाहिजे, आणि तो दाखवणं हे धनकोचं काम आहे.