रांगेतलं रीळ

1957 सालची गोष्ट. न्यूयॉर्कच्या फाइव्ह स्पॉट कॅफेत पियानोवादक थेलोनियस मंकची चौकडी वाजवत होती आणि सॅक्सोफोनवर होता जॉन कोल्ट्रेन. ज्यांनी ते ऐकलं, ते जन्मभर त्याविषयी बोलत राहिले. पण दोघे वेगवेगळ्या रेकॉर्ड कंपन्यांच्या कराराने बांधलेले. त्यामुळे स्टुडिओत या चौकडीच्या जेमतेम तीन रचना मुद्रित झाल्या.

झालं, जाझचे संग्राहक हात धुऊन मागे लागले. कुणाकडे तरी एखादी टेप असेल, या आशेवर वर्षं गेली. कोल्ट्रेनच्या पत्नीने कॅफेत टिपलेली एक टेप 1993 मध्ये प्रसिद्ध झाली. आवाज पार धूसर, तरी तिचंही केवढं अप्रूप!

इकडे वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये लॅरी अ‍ॅपलबॉम नावाचे गृहस्थ आपलं रोजचं काम करत होते. व्हॉइस ऑफ अमेरिका या रेडिओसेवेच्या जुन्या टेप खराब होण्याआधी डिजिटल करून ठेवायच्या, हे ते काम. नावाजलेलं आधी, बिननावाचं मागाहून, असा भेद त्यात चालत नाही. प्रत्येक खोका उघडायचा, त्यावरचं लिखाण वाचायचं, रीळ चढवायचं आणि कान देऊन ऐकायचं. अशी माणसं आहेत म्हणून संगीत टिकतं, असं मला मनापासून वाटतं.

2005 च्या सुरुवातीला त्यांच्या हाती काही खोके आले. वर ‘कार्नेगी हॉल जाझ 1957’ एवढंच. एकावर मात्र हाताने लिहिलं होतं: ‘टी. मंक’. टेप फिरू लागली. मंकचे ते तुटक, मध्ये ऐसपैस जागा सोडणारे स्वर, आणि त्या जागांतून सुसाट धावणारा सॅक्सोफोन. तो कोल्ट्रेनच आहे, हे अ‍ॅपलबॉमनी ओळखलं. आयुष्यभर जाझ ऐकलेला कान होता तो.

29 नोव्हेंबर 1957 च्या मैफलीचं हे मुद्रण. त्या रात्री यंत्र सांभाळणाऱ्यांनीही आपलं काम चोख केलं होतं: अहमद अब्दुल-मलिकचा बास, शॅडो विल्सनच्या झांजा, सगळं लख्ख. टेप सापडली त्याच वर्षी, 2005 मध्ये, ब्लू नोट या रेकॉर्ड कंपनीने ते प्रसिद्ध केलं. चौघा वादकांपैकी तेव्हा एकही हयात नव्हता. संग्राहकांना हवी असलेली टेप मात्र इतकी वर्षं सरकारी ग्रंथालयातच होती, आपला नंबर लागण्याची वाट पाहत.