अंधारातला घट आणि पीटी बोटीचे दप्तर

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी आरमाराने वापरलेल्या पीटी बोटींना, म्हणजे गस्ती टॉर्पेडो बोटींना, नावे नव्हती. फक्त क्रमांक होते. सुमारे ८० फूट लांबीचा लाकडी सांगाडा, पेट्रोलवर चालणारी तीन पॅकार्ड इंजिने, दोन ते चार टॉर्पेडो आणि डझनभर माणसे. काम बहुतेक रात्रीचे. आरमाराच्या दप्तरी ही स्वतंत्र युद्धनौका नव्हेच. कमिशन होई ते स्क्वाड्रनचे, एकेका बोटीचे नाही. त्यामुळे विनाशिकेवर चार तासांच्या पाळीगणिक जी रोजनिशी लिहिली जाई, ती पीटी बोटीकडून कोणी मागत नव्हते. आज अशा बोटीचा इतिहास शोधणाऱ्याला मेरीलँडमधल्या कॉलेज पार्कच्या राष्ट्रीय अभिलेखागारात मिळतात ते मुख्यतः स्क्वाड्रनची युद्धदैनंदिनी आणि चकमकींचे अहवाल. अमुक रात्री तीन बोटी गस्तीला गेल्या, एवढे त्यातून समजते. हवी असलेली बोट त्या तिघींत होती का, हे कधी समजते, कधी नाही.

नोंद सापडत नाही, एवढ्यावरून ती बोट तिथे नव्हती असे म्हणता येईल का? हा प्रश्न आरमारांपेक्षा पुष्कळ जुना आहे. समोर जमीन दिसते, तिच्यावर घट दिसत नाही, आणि ‘इथे घट नाही’ असे ज्ञान होते. हे ज्ञान नेमके कशाने झाले? कुमारिल भट्टांच्या मताचे मीमांसक त्यासाठी अनुपलब्धी, म्हणजे न आढळणे, हे वेगळे, सहावे प्रमाण, म्हणजे ज्ञानाचे साधन, मानतात. प्रभाकरांचे अनुयायी ते मानत नाहीत. नैयायिकांच्या मते अभाव प्रत्यक्षानेच कळतो, तर बौद्ध तार्किक धर्मकीर्ती त्याला अनुमानात बसवतो. वाद कडाक्याचा आहे, पण एका अटीवर सगळे जवळ येतात: घट असता तर दिसला असता, अशी परिस्थिती हवी. काळोख्या खोलीत घट दिसला नाही म्हणून तो नाही, असे कोणी शहाणा म्हणत नाही. या अटीलाच योग्यता म्हणतात. न दिसणे ही प्रमाण ठरण्याजोगी गोष्ट आहे, पण ती योग्यतेच्या उजेडात.

पीटी बोटीचे दप्तर ही पुष्कळशी काळोखी खोली आहे. विनाशिकेच्या रोजनिशीत एखाद्या पाळीची नोंद नसेल, तर ते मौन बोलके असते, कारण नोंद तिथे असायलाच हवी होती. पीटी बोटीच्या बाबतीत तेच मौन मुके राहते. वंशजांच्या घरी सांगितली जाणारी एखादी मोहीम अहवालात नाही म्हणून ती खोटी ठरवणे, ही अभ्यासकाची हमखास होणारी चूक. ती मोहीम नुसती सांगितली जाते म्हणून खरी मानणे ही दुसरी, आणि तितकीच सोपी.

जे लिहिलेले आहे तेही तपासावे लागते. न्यायशास्त्रात शब्द प्रमाण ठरतो तो आप्ताचा, म्हणजे वस्तू जशी आहे तशी ज्याला ठाऊक आहे आणि जो ती तशीच सांगू इच्छितो त्याचा. पीटी बोटींच्या कप्तानांत दुसरा गुण सहसा असे. अडचण पहिल्याची होती. १ ऑगस्ट १९४३ च्या रात्री सॉलोमन बेटांतल्या ब्लॅकेट सामुद्रधुनीत १५ बोटी चार जपानी विनाशिकांच्या वाटेवर थांबल्या होत्या. रडार फक्त तुकडीप्रमुखांच्या चार बोटींवर होते. दोन डझनांहून अधिक टॉर्पेडो सुटले आणि काही लागल्याचे अहवालात गेले. प्रत्यक्षात एकही लागला नव्हता. चारही विनाशिका कोलोंबांगारा बेटावर सैन्य उतरवून परत गेल्या. इथे जपानी बाजूचे मौन प्रमाण ठरते, कारण आपलीच विनाशिका बुडाली तर ती गोष्ट तिच्या आरमाराच्या दप्तरातून सुटत नाही. गंमत अशी, की त्यांतल्या दोन, हागिकाझे आणि आराशी, अवघ्या पाच रात्रींनी वेला आखातात खरोखर बुडाल्या, पण अमेरिकी विनाशिकांच्या हातून. तारीख न पाहता नुसती बुडालेल्या जहाजांची यादी चाळणाऱ्याला पीटी बोटींचे दावे खरे वाटले असते.

प्रामाणिक डोळाही फसतो. ३० जून १९४३ ला रेंडोव्हाजवळ ‘मॅककॉली’ हे अमेरिकी जहाज जपानी विमानाच्या टॉर्पेडोने निकामी झाले होते. रात्री पीटी बोटींनी ते शत्रूचे समजून टॉर्पेडो मारून बुडवले. जहाज होते, टॉर्पेडो लागले, ते बुडाले. चुकले ते एवढेच, की जहाज कोणाचे. नैयायिक भ्रमाला अन्यथाख्याती म्हणतात ते यासाठीच: भ्रमातही काहीतरी खरे दिसलेले असते, फक्त ते दुसरेच म्हणून दिसते. त्यामुळे खोटा ठरलेला अहवाल टाकून द्यायचा नसतो.

ब्लॅकेटच्या त्याच रात्री, २ ऑगस्टच्या पहाटे, त्या चारांतली अमागिरी ही विनाशिका पीटी-१०९ वर आदळली आणि बोट दुभंगली. १३ जणांपैकी दोघे मेले. वाचलेल्या ११ जणांत कप्तान जॉन केनेडी होते. सुटकेनंतर गुप्तवार्ता विभागाच्या दोन अधिकाऱ्यांनी त्यांच्या जबान्यांवरून अहवाल लिहिला. अमागिरीचा कप्तान हानामी याने पुढे सांगितले, की धडक आपण मुद्दाम दिली. त्याच जहाजावरच्या वरिष्ठ अधिकाऱ्याचे, यामाशिरोचे, म्हणणे वेगळे: हुकूम धडक टाळण्याचा होता. बोट दोन्ही पक्षी सारखीच चिरली जाते, आणि सुकाणूवरच्या माणसाच्या मनातला हेतू कोणत्याही रोजनिशीत उतरत नाही. इथे अभ्यासकाने दोन्ही साक्षी शेजारी ठेवून थांबावे, हेच बरे.

२००२ साली समुद्रसंशोधक रॉबर्ट बॅलार्डच्या मोहिमेला त्या सामुद्रधुनीच्या तळाशी, सुमारे १,२०० फूट खोल, एक टॉर्पेडो-नळी आणि तिच्यात टॉर्पेडो दिसला. सांगाडा दिसला नाही. पण वाळू सरकणाऱ्या तळावर तो न दिसण्याने काहीच सिद्ध होत नाही. तशा नळ्या तेव्हाच्या कितीतरी बोटींवर असल्याने नुसत्या नळीने १०९ ही ओळख पटत नव्हती. ती पटली नळीचा आणि टॉर्पेडोचा प्रकार, सापडण्याचे ठिकाण आणि आणखी एका गोष्टीच्या आधारे: त्या पाण्यात तशी दुसरी पीटी बोट गमावल्याची नोंद नाही. बोटीची रोजची गस्त कागदावर आली नाही तरी बोट गमावल्याचा हिशेब आरमाराला ठेवावाच लागे. ती दुसरी नोंद न सापडणे म्हणूनच उजेडातले होते.