राष्ट्राचे जातक

ज्योतिषाच्या ज्या शाखेत व्यक्तीऐवजी देश, राजा, पर्जन्य, पीकपाणी, महागाई, युद्ध आणि रोगराई यांचे भाकीत केले जाते तिला मेदिनीय ज्योतिष म्हणतात. भारतात या शाखेची चर्चा आज प्रामुख्याने एका कुंडलीभोवती फिरते. १५ ऑगस्ट १९४७ च्या मध्यरात्री दिल्लीच्या पूर्व क्षितिजावर वृषभ रास उदय पावत होती, म्हणून स्वतंत्र भारताचे लग्न वृषभ. लग्नी राहू, सप्तमात वृश्चिकेचा केतू, द्वितीयात मिथुनेचा मंगळ, षष्ठात तुळेचा गुरू, आणि तृतीयात, म्हणजे कर्क राशीत, रवी, चंद्र, बुध, शुक्र व शनी असे पाच ग्रह एकवटलेले. सर्व ग्रह राहू आणि केतू यांच्या एकाच बाजूला पडल्यामुळे हा कालसर्पयोग होतो, असेही सांगितले जाते.

या मांडणीतून राष्ट्राचा स्वभाव कसा काढला जातो हे पाहण्यासारखे आहे. तृतीय स्थान पराक्रमाचे, भावंडांचे आणि शेजाऱ्यांचे. तेथे पाच ग्रह, म्हणून शेजाऱ्यांशी न संपणारा कलह. द्वितीय स्थान धनाचे आणि वाणीचे. तेथे मंगळ, म्हणून तिजोरीवर ताण आणि संसदेत आरडाओरडा. षष्ठ स्थान ऋण, रोग व रिपू यांचे. तेथे गुरू, म्हणून कर्ज काढूनही पत टिकवणारा देश. वृषभ ही स्थिर रास असल्याने कितीही पडझड झाली तरी देश एकसंध राहणार, आणि लग्नी राहू असल्याने परकीयांचे आकर्षण व स्वतःविषयीचा संभ्रम दोन्ही सुटणार नाहीत. हे वर्णन भारताला लागू पडत नाही असे कोणीही म्हणणार नाही. मात्र ते १९४७ नंतर वृत्तपत्रे वाचणाऱ्या कोणत्याही सुबुद्ध माणसाला कुंडलीवाचूनही करता आले असते, आणि शेजाऱ्याशी भांडणारा, कर्जबाजारी व गोंगाट करणारा देश शोधायला फार दूर जावे लागत नाही.

तथापि या कुंडलीची खरी अडचण तिच्या फलितात नसून तिच्या पायातच आहे. फलज्योतिषात जातक आणि मुहूर्त ही दोन निराळी अंगे मानली जातात. जातकात जन्माची वेळ कोणी निवडलेली नसते, आणि ती निवडलेली नसते म्हणूनच तिच्यात पूर्वसंचित प्रकट होते अशी श्रद्धा आहे. मुहूर्तात उलट, माणूस आपल्या कार्यासाठी वेळ निवडतो आणि त्या निवडीने फळ सुधारू पाहतो. स्वातंत्र्याचा क्षण या दोहोंपैकी कोणता? १५ ऑगस्ट ही तारीख माउंटबॅटन यांनी ठरवली, आणि ती दुसऱ्या महायुद्धातील जपानच्या शरणागतीचा वाढदिवस म्हणून त्यांच्या मनात भरली होती. ही तारीख अशुभ असल्याचा आक्षेप काही ज्योतिषांनी घेतला आणि तडजोड म्हणून मध्यरात्रीचा क्षण साधण्यात आला, अशी कथा सांगितली जाते. संविधान सभेची बैठक १४ ऑगस्टच्या रात्री अकराला सुरू झाली होती, एवढे मात्र निर्विवाद आहे. म्हणजे राजकीय सोयीने तारीख ठरली आणि, कथा खरी मानली तर, धार्मिक सोयीने घटका ठरली. असा ठरवून घेतलेला क्षण मुहूर्ताच्या नियमांनी तपासला पाहिजे, आणि तसा तपासला तर तो कोणत्याही जोशाने नाकारला असता: अमावास्येला दोन दिवसही उरले नव्हते, चंद्र क्षीण होता, आणि प्रचलित गणिताप्रमाणे तो महिना अधिक श्रावण, म्हणजे ज्यात मंगलकार्ये वर्ज्य मानतात असा धोंड्याचा महिना होता. हा मुहूर्त वाईट ठरतो म्हणून तो जन्म मानला जातो, आणि जन्म मानताना मध्यरात्रीची निवड किती विचारपूर्वक झाली याचे कौतुकही केले जाते. दोन्ही अंगांतले सोयीचे तेवढे उचलण्याची ही रीत आहे.

मराठी इतिहासात या दोन अंगांमधला ताण एकदा उघडपणे समोर आला होता. शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक ६ जून १६७४ रोजी, ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीस, रायगडावर वैदिक विधीने झाला आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत, १७ जून रोजी, जिजाबाईंचे निधन झाले. निश्चलपुरी गोसावी या तांत्रिकाने पहिल्या अभिषेकात दोष राहिले व त्यामुळेच अपशकुन घडले असा आक्षेप घेतला, आणि २४ सप्टेंबर १६७४ रोजी दुसरा, तांत्रिक पद्धतीचा राज्याभिषेक झाला. राज्यारंभ हा मुहूर्त आहे आणि तो चुकला असेल तर पुन्हा करता येतो, ही समजूत त्यामागे होती. आधुनिक राष्ट्राच्या कुंडलीत ही वाट उरत नाही, कारण तेथे आरंभाला जन्म म्हटले की तो दुसऱ्यांदा होऊ शकत नाही. म्हणूनच २६ जानेवारी १९५० रोजी सकाळी १० वाजून १८ मिनिटांनी प्रजासत्ताकाची घोषणा झाली त्या क्षणाची मीन लग्नाची कुंडली काही अभ्यासक पुढे करतात तेव्हा वाद पेटतो. ब्रिटिशांनी सत्ता सोडली तो क्षण खरा, की जनतेने स्वतःला संविधान दिले तो खरा, हा राज्यशास्त्रातला प्रश्न आहे. ज्योतिषी त्याचे उत्तर आधी मनाशी ठरवतो आणि मग कुंडली मांडतो.

जुन्या परंपरेला हा प्रश्न पडलाच नव्हता, कारण तिच्यापुढे राष्ट्र नावाची जन्म घेणारी व्यक्ती नव्हती. सहाव्या शतकात अवंतीच्या वराहमिहिराने बृहत्संहितेत कूर्मविभाग सांगितला आहे. त्यात भारतवर्षाची भूमी नऊ भागांत वाटून कृत्तिकेपासून तीन-तीन नक्षत्रे एकेका भागाकडे दिली आहेत: कृत्तिका, रोहिणी आणि मृग ही मध्यदेशाची, आर्द्रा, पुनर्वसू आणि पुष्य ही पूर्वेची, उत्तरा फाल्गुनी, हस्त आणि चित्रा ही दक्षिणेची, आणि याप्रमाणे पुढे. त्या नक्षत्रांना पापग्रहांची पीडा झाली की त्या त्या भूभागावर आणि पांचाल, मगध, कलिंग, अवंती अशा देशांच्या राजांवर संकट येते. येथे भूमीला नक्षत्र आहे, पण जन्मवेळ नाही. तिला सुखदुःख आहे, पण स्वभाव नाही. गुढीपाडव्याला पंचांगातून वाचले जाणारे संवत्सरफल याच जातीचे आहे. चैत्र शुद्ध प्रतिपदेच्या वाराचा स्वामी तो वर्षाचा राजा, मेषसंक्रांतीच्या वाराचा स्वामी तो मंत्री, मग मेघांचा, धान्याचा आणि रसांचा स्वामी, आणि शेवटी पाऊस किती व भाव काय. शेतकऱ्याला हवी असलेली माहिती एवढीच होती, आणि तिचा पडताळाही वर्षाअखेरीस आपोआप होत असे.

राष्ट्राच्या स्वभावाचा शोध ग्रीक परंपरेत अधिक ठळक आहे. दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या टॉलेमीने आपल्या ज्योतिषग्रंथात व्यक्तींच्या आधी देशांचा विचार केला, कारण युद्ध किंवा साथीत हजारो माणसे एकाच वेळी मरतात तेव्हा त्यांच्या वेगवेगळ्या कुंडल्यांहून देशाचे भवितव्य बलवत्तर ठरते, हा त्याचा युक्तिवाद होता आणि तो त्याच्या शास्त्राच्या चौकटीत सुसंगतही आहे. पुढे त्याने लोकांचे स्वभाव वाटून दिले. ब्रिटन, गॉल व जर्मनी मेषेचे आणि मंगळाचे, म्हणून उग्र. भारत मकरेचा आणि शनीचा, म्हणून येथील लोक कुरूप, अस्वच्छ आणि पशुवत. भारताची रास मकर असा एक संकेत आजही रूढ आहे आणि तो अभिमानाने सांगितला जातो, परंतु त्या संकेताचे हे मूळ आणि त्याला चिकटलेले विशेषण सांगणारे फारसे भेटत नाहीत. टॉलेमीने ग्रहांवरून भारतीयांचा स्वभाव शोधला नव्हता. भूमध्य समुद्राकाठच्या शहरात पूर्वेविषयी जे बोलले जाई त्याला त्याने शनीचे पाठबळ दिले.

गणिताच्या बाजूने पाहिले तर दृढतेचा आभास आणखी कमी होतो. विंशोत्तरी पद्धतीत माणसाचे आयुष्य एकशेवीस वर्षांचे धरून ते नऊ ग्रहांच्या महादशांमध्ये वाटलेले असते, आणि पहिली दशा चंद्र ज्या नक्षत्रात असेल त्यावरून ठरते. १९४७ च्या त्या रात्री चंद्र पुष्य नक्षत्रात आला होता तो जेमतेम तासाभरापूर्वी. त्यामुळे भारताच्या वाट्याला शनीची जवळजवळ पूर्ण दशा आली आणि ती १९६५ पर्यंत चालली, मग १९८२ पर्यंत बुध, १९८९ पर्यंत केतू आणि २००९ पर्यंत शुक्र. हाच सोहळा संध्याकाळी उरकला असता तर चंद्र पुनर्वसूत सापडून आरंभ गुरूच्या दशेने झाला असता.

यात महाराष्ट्रातला एक जुना वाद मिसळला की चित्र आणखी हलते. निरयन राशिचक्राचा आरंभबिंदू कोठे धरावा, म्हणजेच अयनांश किती मानावे, यावर चित्रापक्ष आणि रैवतपक्ष असे दोन तट पडले. व्यंकटेश बापूजी केतकर पहिल्याचे समर्थक, तर लोकमान्य टिळकांच्या नावाने निघणारे पंचांग दुसऱ्यावर चालते. पुढे मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील पंचांग सुधारणा समितीने १९५५ च्या अहवालात चित्रेला धरून अयनांश ठरवले. दोन्ही पक्षांच्या अयनांशांत अंतर सुमारे चार अंशांचे. एवढ्या अंतराने दशांचे टप्पे साडेपाच-सहा वर्षांनी मागे येतात: चीनचे युद्ध शनीतून बुधात जाते, आणि इंदिरा गांधींच्या हत्येचे वर्ष केतूतून निघून शुक्रासारख्या सौम्य ग्रहाच्या राज्यात येते. कर्केच्या अखेरच्या अंशांत असलेला रवी स्वतःच्या सिंह राशीत पोहोचतो आणि पाच ग्रहांच्या प्रसिद्ध युतीतून बाहेर पडतो. अधिक मासही नाहीसा होतो, कारण रैवत गणिताने त्या महिन्यात सिंहसंक्रांत येते आणि तो साधा श्रावण ठरतो. तेव्हा स्वतंत्र भारताचा जन्म धोंड्याच्या महिन्यात झाला की नाही, हे सोलापूर किंवा पुण्यात छापलेले कोणते पंचांग हाती आहे यावर अवलंबून राहते.

अशा लवचिक साधनाचा उपयोग भविष्य वर्तवण्याहून भूतकाळ लावण्यासाठी अधिक होतो. १९६२ च्या फेब्रुवारीत ३ ते ५ तारखेच्या दरम्यान रवी, चंद्र, मंगळ, बुध, गुरू, शुक्र, शनी आणि केतू मकर राशीत एकत्र आले, आणि या अष्टग्रहीने जगबुडी होणार या भयाने देशभर यज्ञयाग झाले. त्या तीन दिवसांत काही घडले नाही, आणि त्याच महिन्याच्या उत्तरार्धात सार्वत्रिक निवडणूक सुरळीत पार पडली. २० ऑक्टोबरला चीनचे आक्रमण झाले तेव्हा मात्र अष्टग्रहीचे फळ मिळाले असे म्हटले गेले, आणि आजही म्हटले जाते. साडेआठ महिन्यांचे अंतर ग्रहांना माफ करायचे असेल तर मागच्या बाजूलाही तितकीच सवलत द्यावी लागेल. अष्टग्रहीच्या अवघे दीड महिना आधी, १९ डिसेंबर १९६१ रोजी, गोवा साडेचारशे वर्षांच्या पोर्तुगीज अमलातून मुक्त झाला होता, पण त्याचे श्रेय मकरेतल्या गर्दीला कोणी दिले नाही. शिवाय आकाशातली ती गर्दी पेकिंगवरही तेवढीच होती. हिमालयातील रस्ते, अपुरे सैन्य आणि दिल्लीतील चुकीचे अंदाज यांची चौकशी होऊ शकते, त्यांना जबाबदार माणसे असतात. शनीला साक्षीसाठी बोलावता येत नाही, आणि पराभवाच्या वेळी ही सोय काहींना हवीशी वाटते.

व्यक्तींच्या बाबतीत या दाव्यांची संख्याशास्त्रीय कसोटी महाराष्ट्रात घेतली गेली आहे. जयंत नारळीकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी हुशार आणि मतिमंद मुलांच्या कुंडल्या ज्योतिषांकडे पाठवल्या, तेव्हा सत्तावीस जणांच्या उत्तरांत अचूकतेचे सरासरी प्रमाण सेहेचाळीस टक्के, म्हणजे नाणे उडवून येईल त्याच्या आसपास निघाले. राष्ट्रांची अशी परीक्षा कठीण, कारण त्यांची संख्या थोडी आणि जन्मवेळ वादग्रस्त. तरीही इतिहासाने काही जुळी भावंडे पुरवली आहेत. १९४७ च्या कायद्याने भारत आणि पाकिस्तान या दोन्ही अधिराज्यांचा आरंभदिन १५ ऑगस्ट हाच होता. तो धरला तर कराचीतही ग्रह त्याच राशींत राहतात आणि फरक उरतो तो लग्नाचा. पुढे पाकिस्तानने १४ ऑगस्ट हा दिवस पाळायला सुरुवात केली. त्या दिवशी सकाळी माउंटबॅटन यांनी कराचीच्या संविधान सभेपुढे भाषण केले तेव्हा चंद्र अजून मिथुनेत होता. म्हणजे सोहळ्याचा दिवस बदलताच त्या देशाची रासही बदलली.

याहून स्वच्छ उदाहरण १९६० च्या ऑगस्टचे आहे. त्या महिन्याच्या १ ते १७ तारखेत आजचे बेनिन, नायजर, आजचे बुर्किना फासो, आयव्हरी कोस्ट, चाड, मध्य आफ्रिकी प्रजासत्ताक, काँगो आणि गॅबन अशी आठ राष्ट्रे फ्रान्सपासून स्वतंत्र झाली. शनी, गुरू व राहू यांच्यासारख्या मंदगती ग्रहांच्या स्थितीत या सतरा दिवसांत नाव घेण्याजोगा फरक पडत नाही. चाड काही वर्षांतच दीर्घ यादवीत सापडला; आयव्हरी कोस्टने कोको विकून पुढची दोन दशके भरभराट अनुभवली; मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकात तेथील सत्ताधीश बोकासाने १९७७ मध्ये स्वतःला सम्राट म्हणून अभिषेक करवून घेतला; गॅबनवर एकाच घराण्याने १९६७ पासून २०२३ पर्यंत राज्य केले. यावर चंद्र आणि लग्न वेगळे होते असे उत्तर दिले जाते, आणि ते नियमाला धरूनही आहे. पण मग राष्ट्राचे सारे वेगळेपण एखाद्या राजधानीत ध्वज नेमक्या कोणत्या मिनिटाला वर चढला यावर येऊन ठेपते, आणि ते मिनिट पाहुण्यांच्या विमानाला झालेल्या उशिराने किंवा लांबलेल्या भाषणानेही ठरू शकते.