रिकाम्या रकान्याची जबाबदारी

राष्ट्राच्या सांख्यिकी कार्यालयातून जो आकडा छापून बाहेर पडतो, तो घरोघर फिरून जमविलेल्या उत्तरांची निव्वळ बेरीज असतो, अशी आपल्याकडील सुशिक्षितांचीही समजूत आहे. वस्तुतः उत्तर नोंदले जाणे आणि तक्ता छापला जाणे यांच्या दरम्यान विसंगत नोंदी हुडकण्याचे, त्या दुरुस्त करण्याचे आणि रिकाम्या राहिलेल्या रकान्यांत अनुमानाने मूल्य भरण्याचे, म्हणजे संख्याशास्त्रज्ञ ज्याला इम्प्युटेशन म्हणतात त्याचे, दीर्घ व जोखमीचे काम चालते. आणि या कामाची कुवत ज्या दफ्तराने स्वतःच्या अंगी बाणविली नाही, त्याचे आकडे कितीही प्रामाणिकपणे गोळा केलेले असले तरी भरवशाचे ठरत नाहीत.

एका कुटुंबाची अनुसूची घेऊ. आईचे वय २५, मुलाचे १४. अकराव्या वर्षी मातृत्व जवळजवळ असंभाव्य, तेव्हा कोठेतरी चूक असावी. पण ती कोठे? आपल्याकडे शून्यावर वा पाचावर संपणारे वय सांगण्याचा परिपाठ जुना आहे, खानेसुमारीच्या वयाच्या तक्त्यांतही त्या अंकांवर गर्दी आढळते, म्हणून आईच्या वयाचा संशय प्रथम येतो. परंतु मुलगा ४ वर्षांचा असून लिहिताना एक अंक अधिक पडला असेल, किंवा ती सावत्र आई असून दोन्ही वये खरी असतील. मुलगा आठवीत शिकतो अशी नोंद त्याच अनुसूचीत असेल, तर त्याचे वय ४ करताना इयत्ताही बदलावी लागेल. आईचे वय बदलल्यास एकाच रकान्याला हात लावावा लागतो. इव्हान फेलेगी आणि डी. होल्ट यांनी १९७६ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात हाच विवेक गणिताच्या भाषेत मांडला: सर्व नियमांची पूर्तता होईल, पण मूळ उत्तरांपैकी कमीत कमी उत्तरे बदलतील, असे रकाने यंत्राने शोधावेत. फेलेगी हे कॅनडाच्या सांख्यिकी कार्यालयातीलच अधिकारी होते आणि पुढे दीर्घकाळ त्याचे प्रमुख राहिले. ही पद्धत त्या कार्यालयाने बाजारातून आणली नव्हती, ती तेथल्याच माणसांच्या नित्याच्या अडचणींतून घडली, ही गोष्ट मला पद्धतीइतकीच महत्त्वाची वाटते.

यंत्राच्या मर्यादा मात्र विसरून चालत नाही. अमेरिकेच्या १९५० च्या खानेसुमारीत चौदा वर्षांच्या विधुर मुलांची संख्या चमत्कारिक वाटावी इतकी मोठी निघाली. अ‍ॅन्सली कोल आणि फ्रेडरिक स्टीफन यांनी १९६२ साली तिचा उलगडा केला: काही पंचकार्डांवरचे अंक एक रकाना उजवीकडे सरकले होते, आणि त्यामुळे मध्यमवयीन गृहस्थ कागदोपत्री पोरसवदा झाले होते. ही चूक उघडकीस आली ती लोकसंख्येचा अभ्यास असलेल्या माणसांनी तक्ता वाचला आणि त्यांना तो पटला नाही म्हणून.

रिकामा रकाना भरणे याहूनही नाजूक. उत्पन्न न सांगणाऱ्या प्रत्येक घरापुढे सरासरीचा आकडा मांडला, तर सरासरी बिघडल्यासारखी दिसत नाही, पण विषमता मात्र कागदावर कमी होते. आणि दार न उघडणारी घरे पुष्कळदा सधन वस्तीतली असल्यामुळे ती सरासरीही खरी राहत नाही. म्हणून त्याच परिसरातील, त्याच प्रकारच्या दुसऱ्या कुटुंबाचे उत्तर उसने घेण्याची रीत रूढ झाली. अमेरिकेच्या २००० च्या खानेसुमारीत या रीतीने सुमारे १२ लक्ष माणसे, म्हणजे एकूण लोकसंख्येच्या ०.४ टक्के, मोजणीत आली. तेवढ्याने कायदेमंडळातील एक जागा युटाकडून नॉर्थ कॅरोलायनाकडे गेली, आणि २००२ साली सर्वोच्च न्यायालयाने ती पद्धत ग्राह्य धरली. कोणता रकाना कोणत्या नियमाने भरला, याची नोंद नसती तर त्या वादाचा निवाडा कशाच्या आधारे झाला असता?

आपल्याकडे आता अन्वेषकाच्या हाती टॅबलेट आला आहे आणि विसंगत उत्तर तो जागच्या जागी अडवितो. सुधारणा मोलाची आहे, पण तिच्या पोटात एक धोका आहे. यंत्र पुढे सरकू देत नाही आणि अजून पुष्कळ घरे बाकी आहेत, अशा वेळी अन्वेषक यंत्राला मान्य होईल असे उत्तर लिहून मोकळा होऊ शकतो; मग खाडाखोड होते ती उंबरठ्यावर, तिचा मागमूस उरत नाही, आणि विदा निर्दोष दिसते. जुन्या कागदी अनुसूचीवर लाल शाईची दुरुस्ती निदान दिसत तरी असे. यावर इलाज एवढाच, की अशक्य तेवढेच अडवावे, असंभाव्य उत्तर शेऱ्यासह स्वीकारावे, आणि पहिले उत्तर कधीही पुसू नये.

अशा पडताळणीची परंपरा आपल्याकडे नवी नाही. संख्याशास्त्रज्ञ महालनोबिस यांनी बंगालमधील तागाच्या पाहणीपासूनच एकाच क्षेत्रात दोन स्वतंत्र तुकड्या पाठवून त्यांच्या निष्कर्षांची रुजवात घेण्याचा दंडक घातला, आणि १९५० साली सुरू झालेल्या राष्ट्रीय नमुना पाहणीला तो वारसा मिळाला. नागपूर, गिरिडीह, कोलकाता येथील विदा-प्रक्रिया केंद्रांत छाननीचे काम पिढ्यान्‌पिढ्या झाले आहे. ही अनुभवसंपदा कंत्राटी मनुष्यबळाने आणि आयत्या सॉफ्टवेअरने टिकणार नाही. त्यासाठी छाननी व अनुमान यांनाच वाहिलेली कायम पदे, लिखित नियमपुस्तिका आणि विषयतज्ज्ञांचा सहभाग हवा. उघडपणाचा एक चांगला पायंडा आपल्याकडे पडलाही आहे. २०२२-२३ च्या कौटुंबिक उपभोग खर्चाच्या पाहणीत फुकट मिळालेल्या वस्तूंचे मूल्य अनुमानाने धरून ग्रामीण भागातील दरडोई मासिक खर्च ३,८६० रुपये आणि ते न धरता ३,७७३ रुपये, असे दोन्ही आकडे जाहीर झाले. प्रश्न तेथे वस्तूंच्या किमतीचा होता, न मिळालेल्या उत्तरांचा नव्हे. तरी रीत तीच. २०२७ च्या खानेसुमारीचे तक्ते जेव्हा निघतील, तेव्हा प्रत्येक तक्त्याखाली किती नोंदी दुरुस्त केल्या आणि किती अनुमानाने भरल्या हे छापावे, अशी मागणी आपल्या विद्यापीठांनी, वृत्तपत्रांनी आणि लोकप्रतिनिधींनी आताच करावी.