आधी आपल्या घरात



समाज बदलणारा माणूस पुढारी कशाने होतो? भाषणांनी म्हणावं, तर धोंडो केशव कर्वे स्वभावाने लाजाळू, पुण्याला कॉलेजात गणित शिकवणारे. पत्नी वारल्यावर १८९३ मध्ये त्यांनी विधवा गोदूबाईंशी लग्न केलं. आधी स्वतः केलं, मग लोकांना सांगितलं. मुरूड गावाने बहिष्कार टाकला, घरच्यांनाही झळ बसली. ते भांडत बसले नाहीत. १८९६ मध्ये विधवांसाठी आश्रम काढला, १९१६ मध्ये महिला विद्यापीठ. मधे किती वर्षं गेली बघा! आपण तर ग्रुपवर उत्तर आलं नाही की संध्याकाळी रुसतो.

आणि आपल्या घरात काय? संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आमच्या मंडळातल्या एक काकू बाहेरच बसून राहिल्या. भजनात सगळ्यात गोड आवाज त्यांचा. पण काका गेल्यापासून कुणी कुंकू लावत नाही. आम्हीही नाही लावलं, "रीत आहे" म्हणालो.

यंदा चैत्रगौरीला पहिलं कुंकू काकूंना लावायचं ठरवलंय. त्यांना विचारलं, तर बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "सुनेला कुणी बोललं तर?"

उद्या आम्ही सुनेला भेटायला जातोय.